युद्धवीर कोण: एक सैनिक, त्याची कृती की अख्खी कंपनी?

शिलालेख (धागाकर्ता)

१८ नोव्हेंबर १९६२, भारत-चीन युद्ध. लडाखमधली रेझांग ला खिंड. १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीत सुमारे १२० जण होते, त्यातले ११४ तिथेच पडले. पुढच्या वर्षी मृतदेह सापडले तेव्हा कित्येकांच्या हातात शस्त्र तसंच होतं. परमवीर चक्र मिळालं कंपनी कमांडर मेजर शैतान सिंग यांना. त्यांना ते मिळायलाच हवं होतं, त्यावर वाद नाही. पण आज रस्त्यावर थांबवून विचारलं तर त्या कंपनीतलं दुसरं एक नाव किती जणांना सांगता येईल?

आता सारागढी, ब्रिटिश राजवटीतली वायव्य सरहद्दीवरची चौकी, १२ सप्टेंबर १८९७. ३६ व्या शीख पलटणीचे २१ जण. सगळ्यांना एकच पदक, 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट'. भारतीय सैनिकाला तेव्हा मिळू शकणारं शौर्यासाठीचं ते सर्वोच्च पदक होतं. हवालदार ईशर सिंग आणि साधा शिपाई यांच्यात फरक केला गेला नाही.

दोन्हीकडे शेवटपर्यंत लढणं तेच, मान देण्याची पद्धत मात्र उलट. माझं मत सारागढीच्या बाजूने आहे. लढाई तुकडी लढते, तर मानही तुकडीलाच मिळावा. एकट्याला उचलून वीर केलं की बाकीचे आपोआप गर्दीत जमा होतात. पुतळे, जयंत्या हे विषय इथे नकोत. पदक आणि त्यामागची प्रक्रिया माहीत असणाऱ्यांनी लिहावं.

---

उलटतपासणी

सारागढीचं उदाहरण तुमच्या बाजूचं वाटतं, पण ते अपवादातला अपवाद आहे. तिथे सगळे २१ गेले आणि शेवटपर्यंतची खबर आरशाच्या संदेशयंत्राने, म्हणजे हेलिओग्राफने, शेजारच्या किल्ल्यावर पोचत होती. कोण जास्त लढला, कोण कमी, हे ठरवायला कुणी उरलंच नाही. म्हणून सगळे समान. दहा जण जिवंत परतले असते तर त्यांच्या जबान्या झाल्या असत्या आणि लगेच उतरंड लागली असती.

रेझांग लाची अडचण बरोबर उलटी. मोजके वाचले आणि त्यांनी जे सांगितलं त्यावर आधी विश्वासच बसला नाही. देह सापडले तेव्हा खात्री पटली. म्हणजे माणसं लढली ती एका दिवशी, आणि त्यांचं शौर्य 'सिद्ध' झालं ते बर्फात सापडलेल्या पुराव्यावरून. अख्ख्या विषयाची गोम इथे आहे. पदक शौर्याला मिळत नाही, ते साक्षीपुराव्याने शाबीत झालेल्या शौर्याला मिळतं. ज्या खंदकातले सगळे मेले आणि शेजारच्या खंदकातून काही दिसलं नाही, तिथे काहीही घडलेलं असो, कागदावर शून्य.

---

बोरूबहाद्दर

+१. कागदाचा विषय निघालाच आहे तर तो कागद कसा तयार होतो तेही लिहितो. देशोदेशी नावं बदलतात, सांगाडा साधारण एकच.

लढाई संपली की कंपनी किंवा प्लाटून पातळीवर कुणीतरी शिफारस लिहायला घेतो. सोबत प्रत्यक्षदर्शींचे जबाब जोडायचे. अमेरिकेच्या 'मेडल ऑफ ऑनर'ला, म्हणजे तिथल्या सर्वोच्च शौर्यपदकाला, किमान दोन साक्षीदारांची शपथपत्रं लागतात. मग नकाशा किंवा हातरेखाटन, लढाईच्या नोंदवहीतला त्या दिवसाचा उतारा. ती फाइल बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन अशी वर चढते. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी होऊ शकतात: मान्य, नामंजूर, किंवा 'खालचं पदक द्या'. तिसरी सगळ्यात जास्त घडते आणि तिची चर्चा सगळ्यात कमी होते.

फाइल कुठे फसते? लिहिणाऱ्याच्या भाषेत. नमुना म्हणून दोन उतारे देतो, दोन्ही माझ्या मनचे.

पहिला: 'जवान अमुक याने प्राणांची पर्वा न करता अतुलनीय धैर्य दाखवून शत्रूला सळो की पळो करून सोडले.'

दुसरा: 'पहाटे साडेचारच्या सुमारास डावीकडच्या बंकरमधून एलएमजीचा (हलक्या मशिनगनचा) मारा सुरू झाला व प्लाटून ४० मीटरवर अडकली. खांद्यात गोळी लागलेली असताना जवान अमुक नाल्याच्या कडेने सरपटत बंकरच्या मागे गेला. फटीतून दोन ग्रेनेड टाकले. मारा थांबला, प्लाटून पुढे सरकली. सेक्शन कमांडर व आपल्या एलएमजीवरच्या क्रमांक दोनच्या जवानाने हे पाहिले.'

पहिल्या उताऱ्यातलं नाव काढून दुसरं कुणाचंही घाला, काही फरक पडत नाही. दुसऱ्यात तसं करता येत नाही. तिथे वेळ आहे, अंतर आहे, जखम आधीची की नंतरची ते आहे, कृतीने काय बदललं ते आहे आणि कुणी पाहिलं ते आहे. वरच्या टेबलावरच्या माणसाला एवढंच हवं असतं. म्हणून ज्या पलटणीत चांगला लिहिणारा असतो तिच्याकडे पदकं जास्त जातात. कटू आहे, पण आहे. तलवारीइतकाच बोरूही लढतो.

---

कासवगती

बोरूबहाद्दर, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे.

कागदाच्या गोंधळाचा एक ठळक नमुना माझ्याकडून. १९९९, टायगर हिल, १८ ग्रेनेडियर्स. ग्रेनेडियर योगेंद्र सिंग यादव यांचं परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं. मग कळलं की ते रुग्णालयात उपचार घेत आहेत. त्याच पलटणीतला, त्याच नावाचा दुसरा जवान धारातीर्थी पडला होता. देशातलं सर्वोच्च पदक, एवढ्या पायऱ्या चढून आलेली फाइल, आणि माणूस जिवंत आहे की नाही इथे चूक. सैनिकी क्रमांक ताडून बघण्याला 'कारकुनी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

---

चिठ्ठीपत्री

एकट्याला द्यायचं की सगळ्यांना, हा पेच नवा नाही. १८५६ च्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या (ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या) मूळ सनदेतच त्यावर तोडगा होता. एखादी तुकडी सारख्याच शौर्याने लढली आणि त्यातून एकाला निवडणं वरिष्ठांना शक्य नसेल, तर निवड तुकडीनेच करायची. अधिकाऱ्यांनी आपल्यातला एक अधिकारी निवडायचा, हवालदार-नाईक वर्गाने आपल्यातला एक, आणि शिपायांनी आपल्यातले दोन. मतदान!

शेवटचा मोठा वापर एप्रिल १९१८ मधला, बेल्जियममधल्या झेब्रुग बंदरावरच्या ब्रिटिश छाप्यानंतरचा. मरीन सैनिकांनी मतं देऊन कॅप्टन एडवर्ड बॅमफर्ड आणि सार्जंट नॉर्मन फिंच यांना निवडलं. फिंच जहाजाच्या उंच मचाणावर होता. आसपासचे बहुतेक मेले किंवा जायबंदी झाले, तोही जखमी झाला, तरी मशिनगन चालवत राहिला. मतं देणाऱ्यांनी ते मचाण खालून पाहिलं होतं.

यात मला आवडतं ते हे, की पदक एकाच्या छातीवर लागतं पण ते सगळ्यांचं आहे ही नोंद पदकाच्या कागदातच राहते. धागाकर्त्याला हवं ते हेच नाही का?

---

शिलालेख

बरंचसं हेच. पण मग ही पद्धत बंद का पडली?

---

चिठ्ठीपत्री

माझा अंदाज सांगतो, कागद दाखवू शकत नाही. मतदानाला माणसं जिवंत हवीत, एकत्र हवीत आणि एकमेकांना पाहिलेली हवीत. जहाजाच्या डेकवर हे जमतं. पाच मैलांच्या आघाडीवर पसरलेल्या बटालियनमध्ये कोण कुणाला पाहतो? शिवाय मतदानात लोकप्रिय माणूस निवडून येण्याची भीती असतेच. गावच्या निवडणुकीत जे होतं तेच.

---

वर्तमानपत्री

सगळे प्रतिसाद प्रामाणिक चुकांबद्दल आहेत. मुद्दाम केलेल्या वीरांचं काय? तीन उदाहरणं देतो, तिन्ही नंतर चौकशीत उघडी पडलेली.

पहिलं, मॉस्कोजवळ दुबोसेकोवो, नोव्हेंबर १९४१. 'पानफिलोवचे २८ वीर' रणगाडे अडवत शेवटच्या माणसापर्यंत लढून मेले, असं लष्करी वृत्तपत्राने छापलं. १९४२ मध्ये सगळ्या २८ जणांना मरणोत्तर 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब. मग त्यातले काही जिवंत निघाले. एक जण तर जर्मनांच्या हाताखाली पोलिसात नोकरी करून आलेला. १९४८ मध्ये लष्करी अभियोक्त्यांनी चौकशी केली तेव्हा २८ हा आकडा कुठून आला तेही कळलं. संपादकाने हिशेब केला: कंपनीत ३० जण धरू, दोन शरण गेले म्हणतात, राहिले २८. वजाबाकीतून वीर! तो अहवाल दाबला गेला आणि २०१५ मध्ये सरकारी अभिलेखागाराने प्रसिद्ध केला. गंमत अशी की त्या भागात जनरल पानफिलोव यांची डिव्हिजन खरोखर लढली, खरोखर माणसं गेली. खरी नावं मिळवण्याची तसदी कुणी घेतली नाही, एवढंच.

दुसरं, अमेरिकी सैनिक जेसिका लिंच, इराक, मार्च २००३. शेवटच्या गोळीपर्यंत लढली, अशा बातम्या आल्या. तिने स्वतः २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर सांगितलं की तिची रायफल अडकली होती, तिने एकही गोळी झाडली नव्हती.

तिसरं, अमेरिकी सैनिक पॅट टिलमन, अफगाणिस्तान, २२ एप्रिल २००४. आपल्याच लोकांच्या गोळीबारात मृत्यू. पण शत्रूच्या माऱ्यात पडल्याचं भासवणाऱ्या मजकुरासह 'सिल्व्हर स्टार' हे शौर्यपदक जाहीर झालं. घरच्यांना खरं कळलं सुमारे पाच आठवड्यांनी.

तिन्हींत साम्य एकच. बातमी आधी, पुरावा नंतर. राज्याला त्या आठवड्यात वीर हवा होता.

---

तिरकी टोपी

म्हणजे वीर वगैरे काही नसतंच, सगळा बनाव? मग बंद करा ती पदकं. सैनिक पगार घेतो, काम करतो, विषय संपला.

---

उलटतपासणी

@तिरकी टोपी, बनावट नोटा निघाल्या म्हणून चलन बंद करणार का?

'काम करतो, विषय संपला' हे तर मुळातच चूक आहे. शौर्यपदकाची कसोटीच 'कर्तव्याच्या पलीकडे' ही आहे. साधा प्रश्न विचारायचा: त्याने हे केलं नसतं तर कुणी त्याच्यावर ठपका ठेवला असता का? असता, तर ते कर्तव्य. नसता, तर पुढे तपासा. डेस्मंड डॉसचं बघा. धर्मश्रद्धेमुळे शस्त्र हातात घ्यायला नकार देणारा अमेरिकी शुश्रूषा-सैनिक. १९४५ मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून एकेका जखमीला दोराने खाली सोडत राहिला. मानपत्रात ७५ हा आकडा आहे. कड्यावर न थांबता तो बाकीच्यांबरोबर खाली उतरला असता तरी कुणी बोट दाखवलं नसतं. अशा वेळी 'तुकडीने केलं' म्हणणं म्हणजे तुकडीलाही खोटं पाडणं. तुकडी खाली होती.

धागाकर्त्याच्या भूमिकेला माझा आक्षेप इथेच आहे. लढाई तुकडी लढते हे नव्वद वेळा खरं. उरलेल्या दहा वेळा तुकडी अडकलेली असते आणि एकच माणूस हलतो.

---

जुनी वही

यात ह्यू थॉम्पसन जोडा, कारण तिथे पदकाचं खातंच चुकलं. १६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं माय लाय. अमेरिकी सैनिक गावकऱ्यांना मारत होते. या हेलिकॉप्टर वैमानिकाने आपलं यान सैनिक आणि गावकरी यांच्या मधे उतरवलं आणि आपल्या दोन साथीदारांना सांगितलं, आपल्या लोकांनी गोळ्या झाडल्या तर त्यांच्यावर झाडा. आधी त्याला जे पदक दिलं त्याच्या मानपत्रात 'तुफान गोळीबाराच्या कचाट्यातून' मूल वाचवल्याचं लिहिलं होतं. असा दुतर्फा गोळीबार झालाच नव्हता. त्याने ते पदक फेकून दिलं.

३० वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याला आणि दोन साथीदारांना 'सोल्जर्स मेडल' मिळालं, एकाला मरणोत्तर. हे पदक शत्रूशी सामना नसलेल्या शौर्यासाठी असतं. तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर! बंदुका रोखलेल्या होत्या, पण समोर शत्रू नव्हता.

---

पाटी कोरी

आणि ज्यांना मिळायला हवं होतं पण दारातूनच परत पाठवलं ते? व्हिक्टोरिया क्रॉस भारतीय सैनिकांसाठी खुला झाला १९११ मध्ये. त्याआधीच्या ५५ वर्षांत कितीही पराक्रम केला तरी हे दार बंदच. १९१४ मध्ये खुदादाद खान यांना मिळाला, तो पहिला.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला मेडल ऑफ ऑनर मिळालं नाही. एकालाही नाही. जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर १९९७ मध्ये सात जणांना दिलं, त्यातला एकच हयात होता. त्याआधी त्यांना मिळालेली होती ती खालची पदकं. बोरूबहाद्दरने वर तिसरी शक्यता लिहिली आहे ती हीच.

एकट्याला मान देण्यात हा धोका कायमचा: निवडणाऱ्याच्या डोळ्यावरचा चष्मा.

---

कासवगती

उलट दिशेची चूकही लिहून ठेवू, हिशेब पुरा होईल. १८६३ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, मेन राज्याच्या २७ व्या रेजिमेंटची मुदत संपत आली होती. जे वॉशिंग्टनच्या रक्षणाला थोडे दिवस जास्त थांबतील त्यांना मेडल ऑफ ऑनर देऊ, असं कबूल केलं गेलं. थांबले सुमारे ३००. थांबलेल्यांची नीट यादी हाताशी नव्हती, म्हणून पदकं निघाली ८६४, अख्ख्या रेजिमेंटला. १९१७ मध्ये फेरतपासणी मंडळाने एकूण ९११ नावं यादीतून उडवली, त्यात ही ८६४ होती.

धागाकर्त्या, सगळ्यांना सरसकट दिलं की हे होतं. १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडा बेटावर चढाई केली तेव्हा तिथे उतरलेल्या सैनिकांपेक्षा लष्कराने वाटलेली पदकं जास्त होती. नाण्यात भेसळ झाली की खरं नाणंही बाजारात कुणी घेत नाही.

---

शिलालेख

मान्य, सरसकट म्हणजे न्याय नव्हे. पण सामूहिक मान आणि सरसकट वाटप यात फरक आहे. पलटणीच्या निशाणावर लढाईचं नाव कोरतात, तो सामूहिक मान. त्यात कुणाला पदक मिरवता येत नाही आणि कुणी वगळलाही जात नाही.

आणखी एक. एकट्याचा वीर केला की त्याचं पुढचं आयुष्य सरकारी मालमत्ता होतं. जपानचं इवो जिमा बेट, २३ फेब्रुवारी १९४५, झेंडा उभारणाऱ्या सहा अमेरिकी सैनिकांचं छायाचित्र. तिघे त्याच लढाईत मेले. उरलेल्या तिघांना कर्जरोखे विकायला देशभर फिरवलं. त्यातल्या आयरा हेजला ठाऊक होतं की मेलेल्यांपैकी एकाचं नाव चुकलं आहे, तो हँक हॅन्सन नसून हार्लन ब्लॉक आहे. त्याने वरिष्ठांना सांगितलं, त्याला गप्प बसवलं. शेवटी १९४६ मध्ये त्याने स्वतः जाऊन ब्लॉकच्या घरच्यांना सांगितलं. १९५५ मध्ये तो ३२ व्या वर्षी गेला, दारूने पोखरलेला.

आणि तरीही चूक संपली नव्हती. २०१६ मध्ये मरीन कोअरने मान्य केलं की फिरवलेल्या तिघांतला जॉन ब्रॅडली त्या छायाचित्रात नव्हता, तो हॅरॉल्ड शुल्ट्झ होता. २०१९ मध्ये रेने गॅनयनही नव्हता, हॅरॉल्ड केलर होता. म्हणजे तीनपैकी दोन चुकीचे! शुल्ट्झ १९९५ मध्ये वारला. जाहीरपणे एक शब्द बोलला नव्हता.

---

बोरूबहाद्दर

शुल्ट्झची ती गोष्ट डोक्यात बसते खरी. पण नीट बघा, ती चूक छायाचित्राची होती, पदकाची नव्हती. छायाचित्रात पाठमोरी माणसं, नावं घाईने मिळवलेली, कुणाचाही जबाब नाही. शिरस्त्राणाचा पट्टा, पाऊच, पायघोळ असं एकेक ताडत नंतर ओळख पटली. हेच ताडणं १९४५ मध्ये झालं असतं तर?

---

उलटतपासणी

आता पदक दिल्यानंतरचा भाग. पुढे माणूस वाईट निघाला तर? व्हिक्टोरिया क्रॉसच्या मूळ सनदेत काढून घेण्याची तरतूद होती; १८६१ ते १९०८ या काळात आठ जणांची नावं कमी केली गेली. १९२० मध्ये पंचम जॉर्जने पत्रातून भूमिका मांडली की खुनासाठी फाशी होणार असली तरी फासाच्या चौथऱ्यावर माणसाला तो क्रॉस लावू द्यावा. मला हे पटतं. पदक त्या अर्ध्या तासाचं आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. घोटाळा लोक करतात: अर्ध्या तासाची पावती घेऊन माणसाला जन्मभराचा देव करतात आणि मग देव चुकला म्हणून ओरडतात.

तो अर्धा तासच खोटा निघाला तर मात्र काढून घ्या, बिनदिक्कत.

सामूहिक मानात तर हे आणखी किचकट. ऑस्ट्रेलियात अफगाणिस्तानातल्या बेकायदा हत्यांचा चौकशी अहवाल नोव्हेंबर २०२० मध्ये आला. आरोप मोजक्या जणांवर, पण विशेष दलाचं सामूहिक सन्मानपत्र काढून घेण्याची शिफारस झाली, म्हणजे ३,००० वर माणसांचं. आरडाओरडा झाला आणि २०२१ मध्ये मंत्र्यांनी तो निर्णय फिरवला. सामूहिक मान दिला की कलंकही सामूहिक, शिलालेख. हे तुमच्या बाजूला मोजा.

---

शिलालेख

मोजलं. तराजू हलला, हे कबूल.

---

जुनी वही

तिसरा मार्गही आहे, त्याकडे कुणी वळलेलं दिसत नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धकबरींसाठी ठरलं की सगळ्यांना एकसारखाच दगड. सेनापती असो की शिपाई, उंची तीच. पलटणीचं चिन्ह, नाव, हुद्दा, तारीख, आणि खाली कुटुंबाला हव्या त्या ओळीसाठी ६६ अक्षरांची मर्यादा. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्याच्या दगडावर साध्या क्रूसाच्या जागी त्या पदकाची आकृती कोरतात. दगड मोठा होत नाही. रांगेतून चालताना जवळ जावं तेव्हाच कळतं. समान मान आणि वेगळी नोंद, दोन्ही एकाच दगडात.

---

पाटी कोरी

सुंदर आहे, पण अर्धं. त्या कबरी सांभाळणाऱ्या संस्थेच्याच (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या) २०२१ च्या अहवालाने मान्य केलं की आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले किमान १,१६,००० मृत नावानिशी नोंदवलेच गेले नाहीत, कदाचित मुळीच नाहीत. समान दगड ज्याला दगड मिळाला त्याच्यासाठी.

---

जुनी वही

खरं आहे, दुरुस्ती मान्य.

मग अज्ञात सैनिकाची कबर. ११ नोव्हेंबर १९२० ला लंडन आणि पॅरिसमध्ये एकाच दिवशी अज्ञात सैनिकाला मानवंदना दिली गेली. नाव नाही म्हणून तो कुणाचाही मुलगा असू शकतो. व्हिएतनाम युद्धाचा असा एक सैनिक १९८४ मध्ये अमेरिकेच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत पुरला आणि 'अज्ञात' म्हणून मेडल ऑफ ऑनर दिलं. १९९८ मध्ये डीएनए तपासणीत कळलं की तो वैमानिक मायकेल ब्लासी. घरच्यांनी देह नेला, गावाकडे पुरला. पदकही मागितलं.

---

तिरकी टोपी

मिळालं?

---

जुनी वही

नाही. पदक अज्ञात सैनिकाचं होतं, ब्लासीचं नव्हे, असं उत्तर आलं. आर्लिंग्टनच्या कबरीतला तो कप्पा तेव्हापासून रिकामा ठेवला आहे.